गाळ बसेपर्यंत

घराची जमीन आम्ही तीनदा उचलली.
पहिल्यांदा वीटभर,
दुसऱ्यांदा गुडघाभर,
तिसऱ्यांदा छप्पर होतं तिथंच राहिलं
आणि सरमिदी, माझा ताडमाड नवरा,
तेव्हापासून वाकूनच जेवायला येतो.
पाहुण्यांना वाटतं, फार अदबीचा माणूस.

देमाकच्या या किनाऱ्यावर
रस्त्याने जायला होडी लागते.
मशिदीच्या पायऱ्या सात होत्या, दोन दिसतात.
रमजानच्या आधी बापाच्या कबरीवर
फुलं वाहायची तर
आम्ही अंदाजाने नांगर टाकतो,
आणि पाकळ्या हळूहळू
दुसऱ्याच कुणाच्या बापाकडे निघून जातात.

खोटं कशाला बोलू.
तिवरं आम्हीच तोडली.
कोळंबीचा भाव चढला त्या साली
कोयता माझ्याही हातात होता,
पोटात तुरिया, सातवा महिना,
आणि मी म्हणाले होते, बरं झालं,
आता डास कमी होतील.
तळी खणली. चार वर्षं पैसा दिसला:
एक मोटरसायकल, एक कडं, निळी फरशी
(ती आता तीन जमिनींच्या खाली आहे).
मग कोळंबीला रोग लागला
आणि समुद्राला वाट सापडली.

सरकारने दगडाची भिंत घातली.
लाट तिच्यावर आपटायची
आणि परतताना पायाखालची माती न्यायची,
भांडून निघालेला भाडेकरू
दिव्याचे होल्डरसुद्धा काढून नेतो तशी.
तिसऱ्या पावसाळ्यात भिंत तोंडावर पडली.

मग कुणी सांगितलं, बांबू रोवा दोन ओळींत,
मध्ये काटक्या भरा, फांद्या भरा, करकचून बांधा.
मी हसले.
समुद्रापुढे झाडू उभा करायचा?
मांडीपर्यंत चिखलात उभी ती इंजिनीयर पोर,
विदिअस्तुती तिचं नाव, म्हणाली,
पाणी अडवायचं नाही, मावशी,
दमवायचं.

हे मात्र मला कळलं.
पाच मुलं वाढवलीत मी.
दार लावून घेतलं की मूल डोकं आपटतं,
अंगणभर पळू दिलं
की आपणच येऊन मांडीवर झोपतं.

भरती गढूळ येते.
काटक्यांमधून आत शिरते, घुटमळते,
जाताना जराशी नितळ असते.
तेवढा फरक आमचा.

पहिल्या वर्षी बोटभर.
मग किड्यांनी बांबू आतून खाल्ले,
वरून धडधाकट, हात लावला की भुगा.
एका रात्रीत चाळीस हात कुंपण गेलं.
पुन्हा बांधलं, जुन्या जाळ्यांच्या दोरीने.
अर्धं गाव सेमारांगला कारखान्यात निघून गेलं.
तुरिया तिथे कॉलर शिवते, फोनवर विचारते,
अजून त्या चिखलातच का?

मध्ये साहेब आले, झेंडे, मांडव, भाषण.
शाळेतल्या पोरांसारखी रांगेत
हजार रोपं लावून गेले.
सगळी मेली.
झाडालाही न विचारता उभं केलेलं आवडत नाही.

पहिल्या आल्या निवट्या,
ओल्या गाळावर टुणटुण उड्या मारत.
मग खेकड्यांची बिळं. मग एक पांढरा बगळा,
जागा भाड्याने घ्यावी की नाही
अशा विचारात दिवसभर उभा.
आणि या भाद्रपदासारख्या कोरड्या...
नाही, आमच्याकडे भाद्रपद नसतो, पण
या कोरड्या महिन्यांत एका सकाळी
कुंपणाच्या आत, कुणीही न लावलेलं,
कवच फोडून दोन पानं उघडलेलं तिवर.
मी मोजली. एकतीस.
दुसऱ्या दिवशी अठ्ठावीस. मोजणं सोडलं.

कबर परत येणार नाही, ठाऊक आहे.
घराचंही मी काही सांगत नाही.
पण काल ओहोटीला सरमिदी
त्या नव्या गाळावर जाऊन उभा राहिला,
घोट्यापर्यंतच रुतला,
आणि कितीतरी दिवसांनी मी त्याला
पुरा उंच पाहिला.

उद्या अमावास्या, उधाण येईल.
दोरी कमी आहे.
शेजारच्या रुकानाकडे मागायला हवी.